पत्ता कोणासाठी सापडतो? पोटगी, वीजबिल आणि मुंबईच्या नोंदवह्या

१/
मुंबईच्या उपनगरांत माणूस कोठे राहतो हे सिद्ध करणारा सर्वांत साधा कागद म्हणजे वीजबिल. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला ते बहुतांशी अदानीचे असते, मुलुंडला महावितरणचे. बँकेतले खाते, शाळेचा प्रवेश, गॅसची जोडणी, पारपत्र, प्रत्येक खिडकीवर तेच पुढे सरकवावे लागते. या शहरातील बहुतेक घरांचा पत्ता कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या ग्राहकनोंदीत असतो. तरीही मुलांची पोटगी थकवून निघून गेलेल्या पित्याचा पत्ता न्यायालयाला पुरवण्याचे ओझे आजही प्रामुख्याने त्या मुलांच्या आईवर पडते. हा विरोधाभास कसा घडत गेला, त्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/
सुरुवात शब्दापासून करू. ‘पोटगी’ या शब्दाच्या पोटातच पोट आहे. कायद्यात मात्र हा विषय पोटाच्या वाटेने आला नाही, रस्त्याच्या वाटेने आला. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेला आकार देणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदीकडे भटकेपणा आणि त्याचे दुष्परिणाम रोखण्याचे साधन म्हणून पाहिले. टाकून दिलेली बायकामुले उपाशी पडली तर ती रस्त्यावर येतील आणि सार्वजनिक व्यवस्थेला उपद्रव होईल, हा त्यामागचा विचार. म्हणूनच पोटगी ही वस्तुतः दिवाणी स्वरूपाची गोष्ट असूनही तिला फौजदारी संहितेत जागा मिळाली. १८९८ च्या संहितेत ती कलम ४८८ झाली.

३/
कलम ४८८ थोडक्यात असे होते. ऐपत असूनही जो पुरुष पत्नीला, अथवा स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या औरस वा अनौरस अपत्याला पोसत नाही, त्याला दंडाधिकारी दरमहा रक्कम देण्याचा आदेश देऊ शकत असे. मर्यादा एकूण पन्नास रुपये. रक्कम थकली तर वसुलीचे वॉरंट निघे आणि तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंतचा कारावास होऊ शके. शिक्षा कडक वाटते. परंतु तिच्या आधी एक पायरी आहे. अर्ज करायचा तो पुरुष जेथे राहतो किंवा जेथे आहे त्या जिल्ह्यात, अथवा तो शेवटी पत्नीसह जेथे राहिला त्या जिल्ह्यात. आणि अर्ज कोठेही केला तरी समन्स बजावायला त्याचा आजचा ठिकाणा हवाच.

४/
आता हे कलम कोकण आणि घाटावरून येणाऱ्या गिरणी कामगारांच्या मुंबईत ठेवून पाहा. रत्नागिरी वा साताऱ्याच्या गावात बायकामुले, आणि चाकरमानी परळ-लालबागला दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात. त्याचा पत्ता कोणत्याही सरकारी दप्तरात धडपणे नव्हता. तो माणसांना ठाऊक होता. ज्याने गिरणीत चिकटवले त्या जॉबरला, जिच्याकडे दोन वेळचे जेवण होते त्या खानावळवालीला, गावकऱ्यांच्या मंडळाला, भाडे गोळा करणाऱ्या भय्याला. बाईला नवऱ्याचा शोध घ्यायचा तर या माणसांच्या मर्जीवर घ्यावा लागे. यांतील बहुतेक जण नवऱ्याच्या बाजूचे, त्याच्या गावचे, त्याच्या भावकीतले असत.

५/
एक कागद मात्र दरमहा मुंबईहून गावी जात असे, तो म्हणजे मनीऑर्डर. भारतीय टपाल खात्याने ही सेवा १८८० साली हाती घेतली आणि कोकणची घरे तिच्यावर चालू लागली. मनीऑर्डरीच्या कागदावर पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता असे. पैसे येत होते तोवर पत्ताही येत होता. दुर्दैवाने बाईला पत्त्याची खरी निकड पैसे थांबल्यावरच भासे, आणि पैशांबरोबर पत्ताही थांबे. टपाल खात्याच्या ताब्यातील कागदांना १८९८ च्या संहितेने सामान्य समन्सच्या कक्षेबाहेर ठेवले होते. ते मागवण्याचा अधिकार वरच्या पायरीवरील दंडाधिकाऱ्यांना आणि न्यायालयांना होता. त्यामागे पत्रांच्या गोपनीयतेची रास्त काळजी होती. तिची किंमत कोणी मोजली, हा वेगळा प्रश्न.

६/
पुढे शहराने माणसे मोजायला सुरुवात केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत आणली आणि बदलीवाल्यांच्या हाती कार्डे आली. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि घराघराची नोंद झाली. या घरात कोण राहते, किती तोंडे खाणारी आहेत, दुकान कोणते, हे सारे कागदावर आले. युद्धकाळातील धान्यटंचाईने मुंबईला कुटुंबांची एक विस्तृत वही दिली. ती वही कालांतराने पत्त्याचा पुरावा झाली. रेशनकार्ड नसलेला माणूस शहरात असून नसल्यासारखा होता.

७/
म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद होते. गिरणीचा हजेरीपट होता, शिधापत्रिका होती. उपनगरांत १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीची ग्राहकखातीही होती. ते मागवण्याचे हत्यारही कायद्यात होते. १८९८ च्या संहितेचे कलम ९४ न्यायालयाला कोणाकडूनही दस्तऐवज मागवू देत होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची: हे काम कोणाचे, हे कायद्याने कोठेही सांगितले नव्हते. चोर फरार झाला तर त्याला शोधणे पोलिसांचे काम. मुलांचा बाप बेपत्ता झाला तर त्याला शोधणे मुलांच्या आईचे काम. दोन्ही गोष्टी एकाच संहितेत, पण शोध घेणारे हात निराळे.

८/
शोधाचा खर्च आणि शोधून मिळणारी रक्कम यांचाही हिशेब पाहायला हवा. पन्नास रुपयांची मर्यादा १९२३ मध्ये शंभर झाली, १९५५ मध्ये पाचशे. १९७३ मध्ये नवी संहिता आली आणि कलम ४८८ चे कलम १२५ झाले, तेव्हाही आकडा पाचशेच राहिला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती मर्यादा पंधराशे केली. केंद्राने ती २००१ मध्ये काढून टाकली. म्हणजे १९५५ ते १९९९ अशी चव्वेचाळीस वर्षे महागाई कोठल्या कोठे गेली आणि पोटगीची कमाल रक्कम पाचशेवर थांबली. एवढ्या रकमेसाठी गावाहून मुंबईला खेपा घालणे, वकील देणे, पत्ता हुडकणे किती जणींना परवडणार होते?

९/
पत्त्याच्या याच प्रश्नाचे उत्तर १९७० च्या दशकात दुसऱ्या एका देशाने निराळ्या रीतीने दिले. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय मुंबईत काय घडले नाही ते दिसत नाही. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यातील एका दुरुस्तीवर स्वाक्षरी केली. तिच्यातून प्रत्येक राज्यात बालपोटगीची वसुली करणारे खाते आणि केंद्रीय स्तरावर ‘पालक शोध सेवा’ निर्माण झाली. करखात्याच्या आणि सामाजिक सुरक्षेच्या नोंदींतून थकबाकीदार पित्याचा पत्ता आणि नोकरी शोधून काढणे, हे सरकारचेच काम ठरले.

१०/
१९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या काळातील कल्याण-सुधारणा कायदा त्याच्या पुढे गेला. नोकरीवर घेतलेल्या प्रत्येक नव्या माणसाची नोंद करणारी राष्ट्रीय सूची आली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी: वीज, पाणी, गॅस यांसारख्या सेवा पुरवणाऱ्या संस्था आणि केबल टीव्ही कंपन्या यांच्या ग्राहकनोंदींतील नावे, पत्ते आणि मालकाचा तपशील मागवण्याचा अधिकार बालपोटगी खात्याला मिळाला. न्यायाधीशाकडे न जाता, प्रशासकीय समन्सवर. माणूस पत्नीपासून लपेल, न्यायालयापासून लपेल, पण घरात वीज आणि टीव्ही घेतल्यावाचून राहणार नाही, हे त्या कायद्याने ओळखले होते.

११/
अमेरिकेला हे सुचले आणि आपल्याला सुचले नाही, असे मानणे सोपे आहे. कारण अधिक व्यावहारिक होते. तेथे एकल मातांना आणि त्यांच्या मुलांना सरकार रोख साहाय्य देत होते. बाप पैसे देत नाही म्हणून खजिना रिकामा होतो, असा हिशेब मांडला गेला, आणि साहाय्य घेणाऱ्या मातेला आपला पोटगीचा हक्क राज्याच्या नावे करून द्यावा लागला. बाप आता सरकारचा ऋणको झाला. येथे सरकार तिला काहीच देत नव्हते, त्यामुळे सरकारला काही वसूलही करायचे नव्हते. धनको होती एकटी आई. या साऱ्या इतिहासातून मला दिसणारे सूत्र हेच आहे: पत्ता सापडतो तो धनकोच्या ताकदीच्या प्रमाणात.

१२/
याचा अर्थ आपल्याकडे काहीच बदलले नाही, असा नव्हे. १९७३ च्या संहितेने कलम १२६ मध्ये एक मोठी गोष्ट केली. आता पत्नी जेथे राहते तेथेही अर्ज करता येऊ लागला. टाकलेली स्त्री बहुधा माहेरी परतलेली असते, तिला नवऱ्याच्या जिल्ह्यात हेलपाटे घालायला लावणे अन्यायाचे आहे, हे मान्य झाले. समन्स मुद्दाम चुकवणाऱ्याच्या गैरहजेरीत प्रकरण चालवण्याची सोयही होती. १९७८ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी या तरतुदीला राज्यघटनेतील स्त्रिया व बालकांविषयीच्या अनुच्छेदांशी जोडले. भटकेपणा रोखणारे कलम आता सामाजिक न्यायाचे कलम म्हणून वाचले जाऊ लागले.

१३/
महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा प्रश्न चळवळीने रस्त्यावर आणला. १९८० च्या दशकात संगमनेरच्या समता आंदोलनाने ॲड. निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने परित्यक्तांच्या परिषदा घ्यायला सुरुवात केली. ‘टाकलेली’ हा शब्द गावात कुजबुजून उच्चारला जाई. तो व्यासपीठावर आला. पोटगीइतकाच कागदाचा प्रश्नही तेथे उभा राहिला. टाकलेल्या बाईचे नाव सासरच्या रेशनकार्डावर अडकलेले, स्वतःचे वेगळे कार्ड नाही, म्हणजे शासनाच्या वहीत तिला स्वतःचे घर नाही. नवऱ्याचा पत्ता तिला मिळत नव्हता, आणि तिचा पत्ता तिच्या नावावर होत नव्हता.

१४/
नेमक्या याच काळात मुंबईत जुने पत्ते पुसले जात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर अनेकांचे हजेरीपटावरचे नाव गेले ते कायमचे. पुढील दोन दशकांत भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांनीही दारे लावली. कायम नोकरी गेली तसा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक गेला, पगारपत्रक गेले. दिवाणी प्रक्रिया संहिता पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून उरलेला जप्त करू देते. परंतु जप्तीला पगार आणि मालक दोन्ही दिसावे लागतात. कंत्राटी कामात दोन्ही धूसर होतात.

१५/
१९८४ च्या कायद्यान्वये १९८९ मध्ये मुंबईत कौटुंबिक न्यायालय सुरू झाले. आज ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. कलम १२५ चे अर्ज दंडाधिकाऱ्यांकडून त्याच्याकडे आले. मुलुंडची बाई असो वा बोरिवलीची, पोटगीसाठी तिला वांद्र्याची वाट धरावी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दुसरा मार्ग उघडला. त्याचे अर्ज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी येथील दंडाधिकारी न्यायालयांत, घराजवळ करता येतात. त्याच्या कलम २० नुसार दंडाधिकारी पुरुषाच्या मालकालाच पगारातील हिस्सा थेट पीडितेला देण्याचा वा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकतात. मालक कोण, हे मात्र पुन्हा तिलाच सांगावे लागते.

१६/
कायद्यातील घड्याळ कोठून सुरू होते, हे पाहण्यासारखे आहे. २००१ च्या दुरुस्तीने अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे सांगितले. साठ दिवस कधीपासून? अर्ज केल्यापासून नव्हे, नोटीस बजावल्यापासून. पत्ता सापडेपर्यंत हे घड्याळ बंदच असते, आणि मुलाची शाळेची फी त्या घड्याळावर चालत नाही. समन्स घेणाऱ्याविषयीही असेच. माणूस घरी न सापडल्यास घरातील प्रौढ ‘पुरुषा’कडे समन्स द्यावे, असे १९७३ ची संहिता सांगत होती. दारात सासू उभी असली तरी ती कायद्याच्या लेखी हजर नव्हती. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यातील ‘पुरुष’ हा शब्द काढला. जुलै २०२४ पासून पोटगीचे कलम १२५ आता कलम १४४ झाले आहे.

१७/
न्यायालयांनीही आपल्या परीने पुढाकार घेतला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. दुसऱ्या भागाने पत्ता लपवून मिळणारा फायदा कमी केला, कारण लपलेल्या दिवसांचीही रक्कम साचत जाते. पहिला भाग मात्र हजर झालेल्या माणसालाच लागू पडतो. जो सापडतच नाही, त्याचे प्रतिज्ञापत्र कोण लिहिणार?

१८/
आता त्याच शहरातील दुसऱ्या धनकोकडे पाहा. २००० साली मुंबईत सिबिल ही पतमाहिती कंपनी स्थापन झाली आणि २००५ मध्ये अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. कर्ज घेणाऱ्याची परतफेड, त्याचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक बँकांकडून तेथे जमा होतात. माणसाने घोडबंदर रोडला घर घेतले वा विरारला मोटारसायकल हप्त्यावर घेतली, तर नवा पत्ता त्या नोंदीत उमटतो. ती नोंद पाहण्याचा अधिकार कायद्याने ठरवून दिलेल्या वापरकर्त्यांना आहे. त्यांत बँक आहे, वित्तसंस्था आहे. मुलाची आई नाही. मोटारसायकलीचे तीन हप्ते थकले तर माणसाच्या दारावर थाप पडते. मुलाच्या जेवणाचे तीस हप्ते थकले तरी थाप मारणाऱ्याला दार कोणते ते कळत नाही.

१९/
२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम या दृष्टीने मुळातून वाचावा. त्याच्या कलम १७ मध्ये अपवादांची यादी आहे. वित्तसंस्थेचे कर्ज बुडवणाऱ्याची मालमत्ता व देणी शोधण्यासाठी त्यात एक स्वतंत्र, नावानिशी अपवाद आहे. पोटगी बुडवणाऱ्यासाठी असा नावानिशी अपवाद नाही. ‘कायदेशीर हक्क वा दावा अमलात आणण्यासाठी’ हा सर्वसाधारण अपवाद आहे, आणि न्यायालयांच्या कामकाजासाठीही आहे. म्हणजे दार बंद नाही. परंतु बँकेसाठी दारावर पाटी लावली आहे, आणि आईने ते चाचपडत शोधायचे आहे.

२०/
माहिती अधिकाराची वाटही अशीच अरुंद होत गेली. २०१२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचा सेवाविषयक व आर्थिक तपशील ही वैयक्तिक माहिती ठरवली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोटगीच्या वादात पतीच्या पगाराची माहिती पत्नीच्या दृष्टीने निव्वळ वैयक्तिक राहत नाही, असा दिलासा दिला. पुढे २०२३ च्या विदा कायद्याने माहिती अधिकारातील संबंधित पोटकलमच बदलले आणि वैयक्तिक माहितीला सरसकट सूट दिली. व्यापक लोकहिताची तरतूद शिल्लक आहे, पण एका आईचे प्रकरण ‘व्यापक’ कसे, हे तिलाच पटवून द्यावे लागेल. आधारचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आधारमधील ओळख व पत्त्याचा तपशील उघड करण्याचा आदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीशच देऊ शकतात. कौटुंबिक न्यायालयाचा तो अधिकार नाही.

२१/
सरळ वाट अरुंद झाली की आडवाट रुंद होते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाइल ग्राहकांच्या कॉल-नोंदी बेकायदा मिळवून विकणारी साखळी उघड केली आणि अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेर होते. दूरध्वनी कंपन्यांच्या ग्राहकनोंदी बाजारात किमतीला मिळत होत्या, हे त्यातून दिसले. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला पत्ता मिळतो, मग हेतू काहीही असो. ज्या बाईला पाच हजारांच्या पोटगीसाठी पत्ता हवा, तिला हा बाजार परवडत नाही. तिच्या मागावर असलेल्या नवऱ्याला कदाचित परवडतो.

२२/
येथे थांबून दुसरी बाजू नीट मांडायला हवी, कारण ती खरी आहे. पत्ता दुधारी असतो. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याचे शब्द ‘पोटगी देणे लागणाऱ्या’ माणसापुरते नाहीत, जिला ती येणे आहे तिच्याही नोंदी त्यात येतात. मारहाणीला कंटाळून मुलांसह पळालेल्या बाईचा नवा पत्ताही त्याच जाळ्यात येऊ शकतो. म्हणूनच तेथे राष्ट्रीय नोंदवहीत ‘कौटुंबिक हिंसा’ अशी खूण करण्याची सोय करावी लागली. ती खूण असलेल्या व्यक्तीचा पत्ता दुसऱ्या पक्षाला जाऊ नये म्हणून. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क पोटगी बुडवणाऱ्यालाही आहे आणि त्याच्यापासून लपलेल्या बाईलाही. वीज कंपनीने कोणत्याही पत्नीला कोणत्याही पतीचा पत्ता खिडकीवर काढून द्यावा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

२३/
पण मधला मार्ग जुनाच आहे आणि आपल्याच संहितेत आहे. १८९८ चे कलम ९४, १९७३ चे कलम ९१, आणि योगायोगाने २०२३ च्या संहितेत पुन्हा कलम ९४. क्रमांकाचे वर्तुळ पूर्ण झाले, अधिकार तोच राहिला, आणि आता त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीही स्पष्ट शब्दांत आल्या. न्यायालय वीज कंपनीला, मोबाइल कंपनीला, प्रवासी वा खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या ॲप कंपनीला विचारू शकते: या माणसाचा आजचा पत्ता सांगा. उत्तर न्यायालयाकडे यावे, समन्स त्या पत्त्यावर जावे, आणि पत्ता अर्जदाराच्या हाती देण्याची गरजच पडू नये. अधिकार कागदावर आहे. बाईने मागण्याची वाट न पाहता न्यायालयाच्या कार्यालयाने तो नियमितपणे वापरणे, हे उरलेले काम आहे.

२४/
धनकोचे सूत्र पुन्हा आठवा. महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. पोटगी न मिळालेल्या घटस्फोटित स्त्रियाही तिच्या लाभार्थींत येतात. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेने परित्यक्तांचाही नावाने उल्लेख केला आणि दरमहा पंधराशे रुपये देऊ केले. १९९९ मध्ये राज्याने पोटगीची कमाल मर्यादा ठरवली तोच आकडा. म्हणजे जी रक्कम बापाने द्यायची तिचा काही भाग आता राज्याचा खजिना देतो आहे. अमेरिकेत खजिन्याला झळ लागली तेव्हा शोध सुरू झाला. येथे अनुदान आले, शोध घेणारे खाते मात्र त्याच्या मागोमाग उभे राहिले नाही.

२५/
खजिन्याच्या काळजीपोटी शोध सुरू व्हावा, अशी माझी इच्छा नाही. तसे झाले तर वसुली सरकारी तिजोरीत जाईल आणि मूल होते तेथेच राहील, हा धोका अमेरिकेच्या अनुभवात दिसतो. इतिहासाकडून घ्यायचा तो धडा वेगळा आहे. जॉबरच्या तोंडी असलेला पत्ता हजेरीपटावर आला, हजेरीपटावरून शिधापत्रिकेवर, तेथून वीजबिलावर आणि मोबाइलवर. माध्यम दर पिढीत बदलले, आणि प्रत्येक वेळी नवा कागद पहिल्याहून अधिक अचूक होता. तरीही आईला तो वाचता आला नाही, कारण तिच्या वतीने विचारणारे कोणी नव्हते. आज कलम १४४ च्या अर्जात बापाच्या पत्त्याची ओळ कोरी असेल, तर ती भरून काढणे हे न्यायालयाचे काम मानले जावे. मुलाच्या पोटाची थकबाकी कोणत्याही कर्जाच्या हप्त्याहून जुनी आहे.

धागा समाप्त. आपल्या घरात जुन्या मनीऑर्डरीच्या पावत्या, शिधापत्रिका वा वीजबिले जपलेली असतील तर टाकू नका. त्यांवरचे पत्ते हा या शहराचा इतिहास आहे.